‘यात मी कुठला?’ : ग्रुप फोटोचं कार्टून आणि बदललेली माणसं

आमच्या विभागातले प्रयोगशाळा परिचर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, मे महिन्याच्या शेवटी निवृत्त झाले. 31 वर्षांची नोकरी. एमएस्सीच्या मुलांनी वर्गणी काढून शाल-श्रीफळाबरोबर एक फ्रेम दिली. विभागाचा ग्रुप फोटो, पण एआयकडून कार्टून करून घेतलेला. मऊ ऊन, कापसासारखे ढग, आणि मागे आमची पावसात गळणारी इमारत एखाद्या परीकथेतल्या शाळेसारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, फ्रेम लांब धरली, मग जवळ धरली आणि विचारलं, “यात मी कुठला?”

हशा पिकला. मग आम्हीही शोधायला लागलो आणि हसू कमी कमी होत गेलं. मूळ फोटोत मामा मागच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला, एका उंच मुलाच्या खांद्यामागे अर्धे झाकलेले. रंग काळासावळा, डाव्या भुवईवर जुन्या भाजण्याची खूण, अंगात खाकी शर्ट. चित्रात त्या जागी पंचविशीतला एक गोरा, दाट केसांचा तरुण पांढरा कोट घालून उभा होता. फोटोत 17 माणसं होती, चित्रातही 17 भरली. म्हणजे मामा गायब झालेले नव्हते. त्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी उभं होतं.

हा लेख त्या मुलांवर टीका करण्यासाठी नाही, त्यांनी प्रेमाने केलं. टीका आहे ती या तंत्रावर, आणि त्याहून जास्त, हे तंत्र ‘चांगलं चालतं’ असं आपण संशोधक ज्या आधारावर म्हणतो त्या आधारावर. नेट-पेटच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुढे कुठल्या ना कुठल्या रूपात एआय वापरावं लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझा विषय तसा सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या प्रतिमांचा आहे. त्याचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

मार्च 2025 मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये चित्रं काढण्याची नवी सोय दिली आणि आठवड्याभरात अर्धं जग स्टुडिओ घिबलीच्या सिनेमात राहायला गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. लग्नाचे फोटो, शाळेचे गेट-टुगेदर, गणपतीसमोरचं अख्खं कुटुंब. तेव्हाचा वाद मुख्यतः शैलीच्या मालकीचा होता. एका जिवंत कलाकाराच्या शैलीत चित्र देणार नाही, पण स्टुडिओच्या शैलीत देऊ, अशी कंपनीची भूमिका होती (हयाओ मियाझाकी जिवंत आहेत आणि ती शैली कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे; असो). तो वाद महत्त्वाचा आहेच. पण फोटोतल्या माणसांचं काय होतं, याकडे त्या गडबडीत फारसं कुणी पाहिलं नाही. एकट्याच्या फोटोत ते लपूनही जातं. आपला चेहरा थोडा गोड झाला तर कोण तक्रार करतं?

समारंभ झाल्यावर मला काही चैन पडेना. मुलांनी कुठलं ॲप वापरलं ते विचारून घेतलं आणि तोच फोटो पाच वेळा त्यातून काढला. माणसांची संख्या दोनदा 17 आली, दोनदा 16, एकदा 18. अठरावा कोण, देव जाणे. एका ज्युनिअरच्या डोक्यावरचा स्कार्फ दोन चित्रांत केस होऊन बसला. मग मुलांच्या चित्रातले चेहरे कापून छापले, मूळ फोटोतलेही छापले, आणि आम्हाला रोज पाहणाऱ्या सहा जणांना जोड्या लावायला सांगितल्या. आमचे सर बरोबर ओळखले गेले, कारण दाढी. दोन चष्मेवाले ओळखले गेले, लाल साडीतल्या मॅडमही. मग फक्त डोळे, नाक आणि तोंड एवढाच भाग ठेवून पुन्हा तेच करायला लावलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी अंदाजपंचे जोड्या लावल्या. एक फोटो, सहा माणसं; यावर पेपर होत नाही हे मलाही कळतं. पण कुठे पाहायचं, ते कळलं. दाढी, चष्मा, साडी टिकली होती. चेहरा टिकला नव्हता. सगळे एकाच घरातली भावंडं दिसत होती.

व्यंगचित्रकार याच्या नेमकं उलट करतो. मारिओ मिरांडा यांनी रंगवलेली कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमधली भिंत पाहिली असेल तर आठवा: खच्चून गर्दी, पण एकाचं नाक दुसऱ्याला नाही. कार्टून म्हणजे सोपं करणं हे खरं, पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे चित्रकार त्या माणसाकडे बघून ठरवतो. आणि गंमत म्हणजे संगणकाला हे चाळीस वर्षांपूर्वी शिकवून झालेलं आहे. सुझन ब्रेनन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॅरिकेचर जनरेटर’ची कल्पना अगदी साधी होती. चेहऱ्याची रेषाकृती घ्या, ती सरासरी चेहऱ्याशी ताडून पाहा, आणि जिथे जिथे फरक आहे तिथे तो वाढवा. नाक सरासरीपेक्षा थोडं लांब असेल तर आणखी लांब करा. 1987 मध्ये जिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुझन कॅरी यांनी दाखवलं की ओळखीच्या माणसांची अशी अतिशयोक्त रेखाचित्रं हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली जातात.

गणिताच्या भाषेत, व्यंगचित्र म्हणजे सरासरीपासून दूर जाणं. आमच्या फ्रेममधली 17 माणसं सरासरीकडे चालत गेली होती. हे का होतं, याची मला समजलेली दोन कारणं सांगते.

पहिलं कारण जागेचं. 2015 साली ट्युबिंगेनच्या लिऑन गॅटिस, अलेक्झांडर एकर आणि मथियास बेथगे यांनी न्यूरल नेटवर्क वापरून फोटोला चित्राची शैली चढवून दाखवली. सगळ्यांना माहीत असलेलं त्यांचं उदाहरण म्हणजे नदीकाठच्या घरांचा फोटो, व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीच्या शैलीत. तिथून ‘आशय’ आणि ‘शैली’ हे दोन शब्द या क्षेत्रात रुळले. पण शब्दांना फसू नका. इथे आशय म्हणजे अर्थ नव्हे. नेटवर्कच्या एका ठरावीक थरात जे आकडे उमटतात, तो आशय. नदीकाठच्या घरांना एवढं पुरतं. खिडकी थोडी इकडेतिकडे झाली तर ‘ही माझी खिडकी नाही’ म्हणायला कुणी येत नाही.

2018 मध्ये त्सिंगह्वा आणि कार्डिफ विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘कार्टूनगॅन’ आणलं. फोटोचं थेट कार्टून करणाऱ्या कामांत हा पेपर फार वाचला गेला, तुम्हीही वाचा, सोप्या भाषेत आहे. त्यात प्रशिक्षणाच्या प्रतिमा 256 × 256 पिक्सेलच्या होत्या, आणि आशय टिकला की नाही हे व्हीजीजी नेटवर्कच्या चौथ्या गटातल्या थरावर तपासलं जातं. तिथे पोचेपर्यंत प्रतिमेची लांबी-रुंदी आठपट कमी झालेली असते, म्हणजे 32 × 32 चौकोन. आता आमचा फोटो घ्या. रुंदी 4000 पिक्सेल, त्यात मामांचा चेहरा साधारण 180. तोच फोटो 256 वर आणला की चेहरा उरतो साडेअकरा पिक्सेल. भागिले आठ: दीड चौकोन सुद्धा नाही. याउलट, एकट्याच्या फोटोत चेहऱ्याने निम्मी रुंदी व्यापली तर 16 चौकोन आडवे आणि तेवढेच उभे मिळतात. प्रत्येक चौकोनात 512 आकडे असतात हे खरं, पण ते तिथे कुठल्या धाटणीच्या रेषा आणि पोत आहेत ते सांगतात. भुवईवरची भाजल्याची खूण दीड चौकोनात कुठे मावणार?

नंतरच्या स्टेबल डिफ्युजनसारख्या पद्धतींमध्येही हेच गणित वेगळ्या वेशात येतं. 512 पिक्सेलची प्रतिमा आधी 64 × 64 च्या संक्षिप्त रूपात आणली जाते, प्रत्येक जागी चार आकडे. मामांच्या चेहऱ्याच्या वाट्याला आल्या साधारण तीन गुणिले तीन जागा, म्हणजे छत्तीस आकडे. छत्तीस आकड्यांत ‘इथे एक माणूस आहे, बहुधा पुरुष’ एवढं बसतं. बाकीचं मॉडेल स्वतःच्या पदरचं घालतं.

पदरचं काय घालतं, हे दुसरं कारण, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. कार्टूनगॅनला जोड्या लागत नाहीत, म्हणजे ‘हा फोटो आणि हे त्याचंच कार्टून’ अशी उदाहरणं द्यावी लागत नाहीत. एकीकडे हजारो फोटो, दुसरीकडे जपानी ॲनिमेशनपटांतल्या हजारो चौकटी. एक नेटवर्क चित्र काढतं, दुसरं ‘हे खऱ्या कार्टूनच्या ढिगातलं वाटतं का?’ एवढंच बघतं. पहिल्याला दुसऱ्याला फसवायचं असतं. आता त्या ढिगात सावळे, साठीकडे झुकलेले, खाकी शर्टातले चेहरे नसल्यातच जमा असतील, तर सावळा चेहरा सावळाच काढणं म्हणजे पकडलं जाण्याचा धोका. गोरा काढला की सुटका. मॉडेलच्या मनात द्वेष नाही, त्याला मनच नाही. त्याला दिलेलं उद्दिष्टच ‘ढिगासारखं दिस’ असं आहे. ‘या माणसासारखं दिस’ ही अट असते, पण ती त्या दीड चौकोनावर टांगलेली.

आजची व्यापारी ॲप्स आतून नेमकी काय वापरतात ते बाहेरच्याला दिसत नाही आणि तंत्रं बरीच पुढे गेली आहेत. चॅटजीपीटीची मार्च 2025 ची सोय तर डिफ्युजनवर नसून, मजकुरासारखंच क्रमाक्रमाने चित्र घडवणारी आहे, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पण तीसुद्धा तुमच्या फोटोवर रंगाचा हात फिरवत नाही, फोटो पाहून नवं चित्र काढते. ती जाहीर करताना कंपनीने मर्यादांची यादीही दिली होती, त्यात एकाच चित्रात 10 ते 20 पेक्षा जास्त वेगवेगळ्या गोष्टी सांभाळताना मॉडेल अडखळू शकतं असं होतं. उदाहरण होतं अख्ख्या आवर्तसारणीचं. आवर्तसारणीत चूक झाली तर आपण लगेच ओरडू, कारण तिथे कोबाल्टच्या जागी दुसरं काही चालत नाही.

आता माझ्या विषयाचा संबंध. 2018 मध्येच जोसेफ कोहेन, मार्गो लक आणि सिना होनारी यांचा एक पेपर आला. त्यांनी मेंदूच्या एका प्रकारच्या एमआरआयचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायला अशीच जोड्या न लागणारी, वितरण जुळवणारी पद्धत वापरून पाहिली. प्रशिक्षणाच्या लक्ष्य-ढिगात गाठी असलेले मेंदू किती ठेवायचे, ते त्यांनी मुद्दाम बदललं. ढिगात सगळे निरोगी, तर रूपांतरात रुग्णाची गाठ पुसली गेली. ढिगात सगळे गाठीचे, तर निरोगी मेंदूत गाठ उगवली. चित्रं दिसायला झकास. मामांची भुवई आणि ही गाठ यांच्यावर ओढवलेलं गणित एकाच घराण्यातलं आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हा पेपर मी वाचला होता, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली वहीत एक ओळ लिहिली होती आणि पुढे गेले होते.

मग हे पेपरांच्या तक्त्यांत का दिसत नाही? कारण तिथला लाडका मापदंड आहे एफआयडी, म्हणजे फ्रेशे इन्सेप्शन डिस्टन्स, 2017 पासून प्रचलित. तो असा काढतात: तयार केलेली हजारो चित्रं आणि खरी हजारो चित्रं इन्सेप्शन नावाच्या नेटवर्कमधून काढायची, प्रत्येकाचे 2048 आकडे मिळवायचे, आणि दोन्ही ढिगांची सरासरी व पसारा किती जुळतो ते पाहायचं. आकडा जितका कमी तितकं चांगलं. यात कुठलं चित्र कुठल्या फोटोवरून आलं हा प्रश्नच नाही. प्रत्येक चित्रात चुकीचा माणूस उभा असला तरी एफआयडी उत्तम येऊ शकतो. आणखी एक मजा: इन्सेप्शन ज्या इमेजनेटवर शिकलं, त्याच्या हजार वर्गांत माणसांचे म्हणावेत असे तीनच आहेत, बेसबॉल खेळाडू, नवरदेव आणि पाणबुड्या. मामा यातले कुणीच नाहीत. कुत्र्यांच्या जाती मात्र शंभरावर.

एफआयडी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तो ढिगांविषयीच्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण ते माणसाविषयीचं उत्तर म्हणून छापतो, तक्रार एवढीच आहे. पेपरात कधी लोकांची मतंही घेतलेली असतात, पण प्रश्न बहुधा ‘कोणतं चित्र जास्त कार्टूनसारखं वाटतं?’ असा असतो. ‘हा कोण?’ असं विचारायला त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी लागतं, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोंतल्या माणसांना ओळखणारं कुणी प्रयोगशाळेत बसलेलं नसतं. ग्रुप फोटोची चाचणी म्हणूनच मला आवडायला लागली आहे: माणसं मोजा, आणि मूळ फोटोत दोन चेहरे एकमेकांपासून जितके वेगळे होते तितके चित्रात राहिले का, ते पाहा. चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर्स यासाठी लगेच वापरावीशी वाटतील, पण ती फोटोंवर शिकलेली असतात, कार्टूनवर त्यांचं अंतर किती विश्वासाचं हे आधी तपासावं लागेल. तोवर कापलेले कागद आणि सहा माणसं बरी.

काहींनी सुचवलं की प्रत्येक चेहरा वेगळा कापून, मोठा करून, त्याचं कार्टून करून परत चिकटवावं. मी केलं. चेहऱ्याला जागा जास्त मिळते, आणि फरक पडतो हे मान्य. मामांची चण आली, केस पांढरे झाले, भुवईवर काहीतरी रेघ आली. रंग मात्र दोन छटांनी उजळच राहिला. जागेचा प्रश्न सुटतो, ढिगाचा नाही.

जाता जाता संमतीचं. फोटो अपलोड एकाने केला, चेहरे सतरा जणांचे गेले. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीने खासगी वा घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेला आहे, त्यामुळे मुलांना कुणी जाब विचारणार नाही. पण हेच सतरा चेहरे तुम्ही प्रयोगासाठी वापरणार असाल, तर नैतिकता समितीसमोर प्रत्येकाची सही लागेल. मी माझ्या कापाकापीआधी सगळ्यांना विचारलं. मामांना फोन केला तर म्हणाले, “माझा चेहरा तसाही त्यात नाही, मग काय विचारतेस.”

गेल्या जानेवारीत मी संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, माझ्या कामाचं सादरीकरण केलं. रंग न लावलेल्या पेशींच्या प्रतिमेवरून रंग लावल्यावर ती कशी दिसेल हे भाकीत करणारं मॉडेल. तिसऱ्या स्लाइडवर एफआयडीचा तक्ता होता, आमचा आकडा ठळक अक्षरात. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मामांच्या फ्रेमनंतर मी ते जुने निकाल पुन्हा उघडले आणि मूळ प्रतिमेत पेशींची केंद्रकं किती आणि भाकितात किती, एवढंच मोजायला बसले. आधी हाताने, कारण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवरही आता एकदम भरवसा बसेना. पहिल्या चाळीस प्रतिमांपैकी अकरांत संख्या जुळत नाही. जुळते तिथेही ती तीच केंद्रकं आहेत का, ते अजून पाहायचंय.

सरांना हे दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, पुढच्या आरएसीत हा तक्ता पहिला ठेव, एफआयडीचा नंतर. त्यामुळे माझं काम सहाएक महिने मागे जाणार आहे. फेलोशिपची मुदत त्याने वाढत नाही.

मामांना आम्ही मूळ फोटोची साधी मॅट प्रिंट काढून दिली, आठ बाय बाराची. त्यात ते अर्धे झाकलेलेच आहेत. पुढच्या वेळी पुढच्या रांगेत उभं करा म्हणाले.